लँडलाइन फायबरवर नेताना: नंबर तोच, वीज मात्र घरची

लँडलाइन फायबरवर न्यायची म्हटलं की घरातली ज्येष्ठ मंडळी पहिला प्रश्न विचारतात, "नंबर तोच राहील ना?" प्रश्न रास्त आहे. तो नंबर बँकेच्या पासबुकात आहे, सोसायटीच्या रजिस्टरमध्ये आहे, गावाकडच्या चुलत्यांच्या डायरीत आहे. पण त्याच्या पाठोपाठ विचारायला हवा असा दुसरा प्रश्न कुणी विचारत नाही: लाइट गेल्यावर फोन चालेल का? आजवर तो विचारायची वेळच आली नाही. लाइट गेली तरी लँडलाइन चालते, हे आपण पंख्याला तीन पाती असतात इतक्या सहज धरून चाललो होतो. फायबरवर नेमकं तेच बदलतं, आणि बदलाचे बाकीचे धागे बरेचसे तिथूनच निघतात.

आधी जुन्या फोनचं काम कसं चालायचं ते पाहू. तुमच्या घरापासून टेलिफोन एक्स्चेंजपर्यंत तांब्याच्या दोन बारीक तारांची एक जोडी गेलेली असते. वाटेत ती खांबावरच्या डीपी बॉक्समधून, रस्त्याकडेच्या पिलरमधून आणि जमिनीखालच्या जाड केबलमधून जाते, पण जोडी तुमची एकट्याची. एक्स्चेंजमध्ये मोठ्या बॅटऱ्यांची रांग असते. त्या या जोडीवर सतत सुमारे ४८ व्होल्ट डीसी वीज ठेवतात. रिसीव्हर खाली असतो तोवर वाट तुटलेली. तुम्ही तो उचलला की फोनमधला खटका जोडला जातो, तारांतून थोडासा प्रवाह वाहू लागतो, आणि एक्स्चेंजला कळतं की या घरानं फोन उचलला. मग डायल टोन येतो. बोलणं म्हणजे त्या प्रवाहातलेच चढउतार. घंटी वाजवायची तर एक्स्चेंज तारांवर साधारण ७५ व्होल्टची एसी वीज सोडतं. लाइनमन मंडळींना हे चांगलं ठाऊक असतं, कारण उघड्या वायरीला हात लागलेला असताना नेमका कुणाचा तरी फोन आला की झटका बसतो.

म्हणजे जुना फोन महावितरणच्या विजेवर कधी चाललाच नाही. तो एक्स्चेंजच्या बॅटरीवर चालायचा, आणि तिथली लाइट गेली की जनरेटर लागायचा. मुंबईत १८८२ साली पहिलं एक्स्चेंज सुरू झालं. तेव्हापासून यंत्रं कितीदा बदलली, पण फोनला लागणारी वीज मधल्या एक्स्चेंजनं द्यायची ही पद्धत एकदा रुळली ती कित्येक दशकं टिकून राहिली. एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. ज्यांच्याकडे कॉर्डलेस फोन आहे, त्यांचा फोन लाइट गेल्यावर आधीपासूनच बंद पडत होता, कारण त्याचा बेस घरच्या प्लगवर चालतो. वायरवाला साधा फोन असणाऱ्यांसाठीच हा बदल खरा मोठा आहे.

एवढी भरवशाची व्यवस्था मग सोडायची कशाला? कारण तो भरवसा आता कागदावर जास्त उरला आहे. देशात २००६ च्या आसपास जवळपास पाच कोटी लँडलाइन होत्या. २०२० पर्यंत त्या दोन कोटींच्या घरात आल्या. त्याच वर्षी ३१ जानेवारीला बीएसएनएलचे सुमारे ७८ हजार कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडले. कुठल्या पिलरमधली कुठली जोडी कुणाच्या घरी जाते हे तोंडपाठ असणारे लाइनमन त्यांच्याबरोबर गेले. रस्ता खोदला, केबल तुटली, जॉइंटमध्ये पाणी शिरलं की पावसाळाभर खरखर, नाहीतर फोन डेड. तक्रार नोंदवायची आणि वाट पाहायची. माझं मत विचाराल तर ज्या भागात तांब्याची लाइन महिन्यातून दोनदा बंद पडते, तिथे "लाइट गेली तरी चालते" या गुणाला फारसा अर्थ उरत नाही. लँडलाइनची देशातली संख्या नंतर पुन्हा वाढली, ती फायबरमुळे. इंटरनेटच्या जोडणीबरोबर फोन आपोआप येऊ लागला.

आवाज आता कसा जातो

फायबर म्हणजे केसासारखी बारीक काचेची तार. तिच्यातून वीज जात नाही, प्रकाश जातो, तोही डोळ्यांना न दिसणारा. घराकडे येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटरचा आणि घराकडून जाणारा १३१० चा, म्हणून एकाच तारेवर दोन्ही दिशांची वाहतूक चालते. कंपनीकडच्या यंत्राला ओएलटी म्हणतात. तिथून निघालेलं एक फायबर खांबावरच्या किंवा जिन्यातल्या छोट्या डबीत ३२ किंवा ६४ घरांत वाटलं जातं. त्या डबीला स्प्लिटर म्हणतात आणि तिला वीज लागत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

घरात जो बॉक्स बसतो त्याला लोक मोडेम किंवा राउटर म्हणतात. बसवायला आलेल्याच्या तोंडी शब्द असतो ओएनटी. त्याची मागची बाजू एकदा निवांत बघा. एका टोकाला हिरवी किंवा निळी चौकोनी टोपी असलेली पातळ वायर खोचलेली असते, ते फायबर. मग सहसा चार रुंद खाचा असतात, त्या कॉम्प्युटरसाठी. त्यांच्या शेजारी एक किंवा दोन अरुंद खाचा असतात, फोनचं नेहमीचं पिन बसेल एवढ्या. तिथे तुमचा जुनाच फोन लागतो, नवा घ्यायची गरज नाही. जे काम आधी एक्स्चेंज करत होतं ते आता ही अरुंद खाच करते. फोनला व्होल्टेज देते, डायल टोन ऐकवते, घंटी वाजवते.

तुम्ही "हॅलो" म्हटलंत की बॉक्स त्या आवाजाचं सेकंदाला ८,००० वेळा मोजमाप घेतो. प्रत्येक माप आठ बिटांचं, म्हणून सेकंदाला ६४ किलोबिट होतात. ही मापं २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत भरून, सेकंदाला ५० पाकिटं या वेगानं पाठवली जातात. पत्त्याची वगैरे जास्तीची माहिती धरली तरी एक कॉल १०० किलोबिटांच्या आत बसतो. अगदी साधा ३० एमबीपीएसचा प्लॅन असला तरी त्यातला हा तीनशेवा हिस्सादेखील नाही. त्यामुळे "नातू गेम खेळतोय म्हणून माझा फोन कट होतो" ही तक्रार बहुतेक वेळा चुकीच्या माणसावर असते. टेलिफोन कंपन्या फोनची पाकिटं इंटरनेटपासून वेगळ्या मार्गिकेत ठेवतात आणि त्यांना आधी जाऊ देतात. महिन्याचा डेटा संपून इंटरनेट रेंगाळू लागलं तरी फोनवर त्याचा परिणाम होत नाही.

केबल टीव्हीच्या जाड काळ्या वायरवरून येणाऱ्या इंटरनेटची गोष्ट थोडी वेगळी. अमेरिकेत घरचे फोन तांब्यावरून मोठ्या संख्येनं याच वायरवर गेले. तिकडे मुलं असलेल्यांनी त्यांच्या बोलण्यात हे ऐकलं असेल, आणि "केबलवरचा फोन" म्हणजे काय असा गोंधळही झाला असेल. आपल्याकडे मुंबई-पुण्यात अशा वायरवरचं इंटरनेट आलं, पण त्याच्यावर घरचा फोन असा रुळला नाही. कारण तांत्रिक नाही, परवान्याचं आहे. एसटीडी कोडसह खरा टेलिफोन नंबर द्यायचा तर टेलिफोन सेवेचा परवाना लागतो. गल्लीतल्या केबलवाल्याकडे फक्त इंटरनेटचा परवाना असेल तर तो नेट देईल, नंबर देऊ शकणार नाही. पण तोच केबलवाला बीएसएनएलचा भागीदार असेल, आणि हल्ली बरेच जण आहेत, तर वायर त्याची, बॉक्स त्यानं बसवलेला, आणि नंबर व बिल बीएसएनएलचं असा संसार असतो. तेव्हा दारात आलेल्या माणसाला थेट विचारा: फोनचा नंबर कुठल्या कंपनीचा मिळणार?

"व्हॉट्सअ‍ॅप कॉल आहेच की" असं कुणी म्हणालं तर एवढंच सांगायचं की त्यावरून १०८ ची रुग्णवाहिका बोलावता येत नाही.

लाइट गेल्यावर

आता मूळ मुद्दा. काचेतून वीज येत नाही, म्हणून बॉक्सला घरचा प्लग लागतो. घरची लाइट गेली, बॉक्स बंद, फोन बंद. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबई आणि आसपासचा वीजपुरवठा एकदम कोलमडला आणि काही भागांत तो परत यायला तास न् तास लागले, ते आठवत असेल. पुणेकरांना तर गुरुवारची दुरुस्ती पाठ आहे.

उपाय अवघड नाही, पण तो तुम्हालाच करायचा आहे. बॉक्सच्या अ‍ॅडॅप्टरवर १२ व्होल्ट, १ अँपिअर किंवा दीड असं काहीतरी लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात तो साधारण सात-आठ वॅट खातो. बाजारात मोडेमसाठीचा छोटा यूपीएस मिळतो, पुस्तकाएवढा. त्यात बहुधा तीन लिथियम सेल असतात. प्रत्येकी ३.७ व्होल्ट आणि २.२ अँपिअर-तास धरले तर तिघांचे मिळून सुमारे २४ वॅट-तास. आठ वॅटनं भागलं तर तीन तास; मधली गळती धरली की अडीच. पाकिटावर "आठ तास" छापलेलं असलं तरी हिशोब हा असा करायचा. घेताना व्होल्टेज जुळतंय ना ते बघा, काही बॉक्स ९ व्होल्टचे असतात. आणि ओएनटी वेगळा व वायफायचा राउटर वेगळा असेल, तर फोन ज्या बॉक्सला लागला आहे त्याला बॅटरी आधी.

घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्या लाइनवरचा प्लग वापरा, वेगळा खर्च नको. पण इथे एक गंमत आहे. लाइट जाऊन इन्व्हर्टर सुरू होईपर्यंत जो क्षणभराचा खंड पडतो, तेवढ्यात पंख्याला काही होत नाही, बॉक्स मात्र बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि जागेवर यायला दोन-तीन मिनिटं घेतो. चालू कॉल तुटतो. बऱ्याच इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचं एक छोटं बटण असतं. ते चालू केलं की हा खंड खूप कमी होतो. इन्व्हर्टरवाला बसवताना ते सांगत नाही, आपणच विचारायचं.

तुमचा बॉक्स चालू राहिला म्हणजे फोन चालू राहीलच असंही नाही. पलीकडचा ओएलटीही चालू हवा. मधल्या स्प्लिटरला वीज लागत नाही हे इथे उपयोगी पडतं. केबल टीव्हीच्या जुन्या जाळ्यात खांबाखांबावर अ‍ॅम्प्लिफायर असायचे, गल्लीतली लाइट गेली की तेही जायचे. फायबरमध्ये दोन टोकं सांभाळली की भागतं. पण दुसरं टोक कुठे आहे? कंपनीच्या एक्स्चेंजमध्ये असेल तर तिथे मोठ्या बॅटऱ्या आहेत. चौकातल्या केबलवाल्याच्या दुकानात असेल, तर तिथे एखादा घरगुती इन्व्हर्टरच असू शकतो. जोडणी घेण्याआधी विचारण्यासारखा सगळ्यात उपयोगी प्रश्न मला हाच वाटतो: ओएलटी कुठे आहे आणि लाइट गेल्यावर तो किती तास चालतो? उत्तर देताना समोरचा गडबडला तर त्यातूनही काय ते समजतं.

आणि एवढं करूनही घरात एक मोबाइल चार्ज करून ठेवलेला असू द्या. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड-रत्नागिरीकडे खांब, तारा, टॉवर सगळंच एकदम आडवं झालं होतं. वादळापुढे तांबं काय, काच काय, एकाच मार्गावर विसंबणं धोक्याचंच.

विजेच्या बाबतीत फायबरची एक बाजू मात्र जमेची आहे. कोकणात, घाटमाथ्यावर पावसाळ्यात तांब्याच्या तारेवरून आकाशातली वीज येऊन मोडेम जळायचे, फोन फुटायचे. काच वीज वाहून नेत नाही. मात्र खांबावरून येणाऱ्या फायबरला ताण सोसायला सोबत पोलादी तार असते. ती घराबाहेर अडकवून तिथेच कापायची, आत आणायची नाही, एवढं पाहा.

नंबरचं काय

बीएसएनएलच्या तांब्यावरून बीएसएनएलच्याच फायबरवर जाताना, त्याच एक्स्चेंजच्या हद्दीत, जुना नंबर ठेवता येतो. अर्जात ते स्पष्ट लिहा. "नवीन जोडणी" असा अर्ज भरला गेला की नवा नंबर पडतो आणि मग निस्तरत बसावं लागतं. कंपनीच बदलत असाल, जिओ किंवा एअरटेलकडे जात असाल, तर नंबर नवा. मोबाइलचा नंबर कंपनी बदलताना सोबत नेण्याची सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे, लँडलाइनला ती मिळालेली नाही. अशा वेळी जुनी लाइन सर्वांत स्वस्त प्लॅनवर काही महिने जिवंत ठेवून तिच्यावरचे कॉल नव्या नंबरावर वळवता येतात. वळवलेल्या कॉलचे पैसे जुन्या बिलात लागू शकतात, ते आधी विचारून घ्या. तेवढ्या वेळात बँक, गॅस एजन्सी, विमा, सोसायटी, डॉक्टर अशा सगळ्यांकडे नवा नंबर देऊन होतो.

खर्चाचं फार लिहीत नाही, प्लॅन सतत बदलतात. सुरुवातीचे प्लॅन साधारण महिना चारशे-पाचशे रुपयांचे आणि वर १८ टक्के जीएसटी असतो. देशातले कॉल बहुतेकांत अमर्याद असतात. फक्त फोनच हवा, नेट नकोच, अशा आजी-आजोबांना हे महाग पडतं, हे खरं आहे.

घरात जुन्या वायरिंगवर दोन-तीन एक्स्टेन्शन असतील, एक दिवाणखान्यात, एक स्वयंपाकघरात, तर ती वाया जात नाहीत. बॉक्सच्या फोनच्या खाचेतून निघालेली वायर भिंतीतल्या जुन्या सॉकेटला जोडली की सगळे फोन वाजतात. पण त्याआधी बाहेरून येणारी तांब्याची जोडी दाराजवळच्या डबीत सोडवलीच पाहिजे. नाहीतर एक्स्चेंजचे ४८ व्होल्ट आणि बॉक्सचं व्होल्टेज एकमेकांवर येतात आणि बॉक्सची खाच जळते. बसवायला येणारी मुलं घाईत असतात, हे काम तुम्ही उभं राहून करून घ्या.

बोटानं चकती फिरवायचा जुना काळा फोन असेल, तर तो वाजेल, त्यावर बोलताही येईल, पण अनेक बॉक्सवर त्यावरून नंबर लागणार नाही. चकती ठोके पाठवते आणि बॉक्सला बटणांचे सूर कळतात. दवाखान्यातलं किंवा वकिलांकडचं फॅक्स मशीन बेभरवशाचं होतं, कारण बोलण्यात हरवलेलं एखादं पाकीट कानाला जाणवत नाही, फॅक्सला मात्र जाणवतं. लिफ्टमधला आणीबाणीचा फोन किंवा दुकानाचा चोरीचा अलार्म लँडलाइनवर असेल, तर ते बसवणाऱ्याला बोलावून तपासल्याशिवाय तांब्याची लाइन बंद करू नका.

जोडणी झाली की माणूस समोर असतानाच तपासायचं. मोबाइलवरून लँडलाइनवर फोन करा, घंटी वाजते का, समोरचा नंबर दिसतो का पाहा. लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी शून्य लावा. १५ जानेवारी २०२१ पासून सगळ्याच लँडलाइनना तो नियम आहे, पण तो न पाळल्यामुळे "नवा फोन बिघडलाय" अशी तक्रार होते. मग बॉक्सचा प्लग काढा. यूपीएसवर फोन चालू राहतो का, ते तेव्हाच कळेल.

पुढे कधी फोन बंद पडला तर आधी बॉक्सवरचे दिवे बघायचे. एलओएस लिहिलेला दिवा लाल लागला असेल, तर फायबरमधून प्रकाशच येत नाही. बाहेर तार तुटली आहे किंवा घरात ती कपाटामागे दुमडली गेली आहे. काचेची तार काटकोनात वळवलेली, खिळ्यानं ठोकलेली चालत नाही. लाल दिवा नाही, नेट चालू आहे आणि फक्त फोन मुका आहे, तर बिघाड बहुधा फोनच्या सेटिंगमध्ये किंवा फोनच्या वायरीत. दुसरा फोन लावून बघा, बॉक्स एकदा बंद करून सुरू करा. मात्र मागे टाचणीएवढं जे रीसेटचं भोक असतं, ते दाबू नका. तुमच्या नंबराची माहिती त्या बॉक्समध्येच साठवलेली असते. भोक दाबलं की ती पुसली जाऊ शकते आणि ती परत भरायला कंपनीचाच माणूस लागतो. याच कारणानं जास्त वेगाचा राउटर बाजारातून आणून ओएनटी काढून टाकला की नेट मिळालं तरी फोन जातो. नवा राउटर ओएनटीच्या पुढे जोडावा, त्याच्या जागी नाही.

तांब्याची जुनी लाइन पूर्ण बंद करणार असाल, तर अनामत रक्कम परत मागायला विसरू नका. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी भरलेली असली तरी ती तुमचीच आहे. अर्जासोबत शेवटचं बिल आणि बँकेचा रद्द केलेला चेक द्या. कंपनीचा जुना मोडेम परत करत असाल, तर त्याची वेगळी पावती घ्या. नंतर मोडेमचे पैसे अनामतीतून कापले गेले, तर तोच एक पुरावा हातात असतो.